लॉगबुकात सही, कानात आवाज नाही: एका क्लिनिकल पोस्टिंगची फेरतपासणी

महाविद्यालयाचं, गावाचं, माणसांचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातलं एक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. आम्ही १५० जागांचे होतो. २०१९ मध्ये आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणासाठी जागा वाढल्या आणि २०० झालो. वॉर्ड तेवढेच राहिले, खाटाही तेवढ्याच, आणि शिक्षकांची जी पदं रिकामी होती ती रिकामीच. त्याच वर्षी देशभर एमबीबीएसचा नवा क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला. आमच्याकडे सगळे त्याला सीबीएमई म्हणतात. त्याचा गाभा साधा आहे: विद्यार्थ्याला काय पाठ आहे त्यापेक्षा त्याला काय करता येतं ते बघा. शिक्षकाने करून दाखवायचं, विद्यार्थ्याने बघायचं, मग हाताखाली मदत करायची आणि शेवटी स्वतः करायचं. ते जमलं की लॉगबुकात सही. कागदावर याला नाव ठेवायला जागाच नाही.

मी कम्युनिटी मेडिसिनमध्ये शिकवते. जुने लोक अजून पीएसएम (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन) म्हणतात. इंटर्न ग्रामीण भागात जातात ती जबाबदारी आमच्या विभागाची, शिवाय मी मेडिकल एज्युकेशन युनिटवरही आहे, म्हणजे महाविद्यालयातलं शिकवणं कसं चाललंय ते बघणाऱ्या गटात. म्हणून तो फोन मला आला.

काय घडलं

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांवर गरोदर बायांची खास तपासणी असते. २०१६ पासूनचं प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान ते हेच. २०२४ च्या पावसाळ्यातल्या अशाच एका ९ तारखेला, दुपारी, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मेडिकल ऑफिसर मॅडमचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या इंटर्नने आज बावीस बायांचं बीपी घेतलंय. बावीसही जणींचं ११०/७०. गावात काही साथबिथ आलीय का हो नॉर्मल बीपीची?"

त्या चिडल्या होत्या, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. कार्डं चाळताना त्यांना संशय आला, तेव्हा ज्या बाया अजून जेवणासाठी थांबल्या होत्या त्यांचं बीपी त्यांनी स्वतः पुन्हा घेतलं. पहिलटकरीण, आठवा महिना, पायावर सूज: १५०/१००. लघवीत अल्ब्युमिन. गरोदरपणात १४०/९० ला आपण सावध होतो. ही बाई ११०/७० लिहिलेलं कार्ड घेऊन घरी गेली असती तर पुढच्या तपासणीपर्यंत काय झालं असतं, ते वैद्यकीय क्षेत्रातल्या वाचकाला सांगायला नको. इतरांसाठी एवढंच सांगते की प्री-एक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढण्याचा हा आजार, बघता बघता झटक्यांवर जातो. तिला १०२ च्या गाडीने उपजिल्हा रुग्णालयात पाठवलं. पुढे बाळ-बाळंतीण दोघं सुखरूप. उरलेल्या बायांचं बीपी एएनएम सिस्टर आणि आशाताईंनी दोन दिवसांत घरोघरी जाऊन पुन्हा घेतलं.

हे घडेपर्यंत आमच्या कुठल्याच कागदावर काही बिघडलेलं नव्हतं. त्या इंटर्नचं लॉगबुक पूर्ण होतं. 'गर्भवतीचा रक्तदाब मोजणे' यापुढे तारीख आणि शिक्षकाची सही. हजेरी ८० टक्क्यांच्या वर.

पहिला निर्णय: मेमो की चौकशी

अधिष्ठात्यांचा पहिला विचार मेमो देऊन इंटर्नशिप वाढवण्याचा होता. खोटी नोंद ही खोटी नोंदच, आणि ती गरोदर बाईच्या कार्डावर. यावर मी वाद घातला नाही. एवढंच म्हटलं की मेमो उद्याही देता येईल, आज त्या इंटर्न मुलीशी बोलू द्या.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मॅडम, मला आवाजच ऐकू येत नव्हते. तिथल्या डिजिटल मशीनचे सेल गेले होते. सिस्टरनी घड्याळाच्या डायलचं दिलं. मी ते कधी वापरलंच नव्हतं. इंटर्न होऊन कुणाला विचारू, बीपी कसं घेतात?"

इथेच प्रकरणाची दिशा बदलली. पारा हद्दपार करायचा म्हणून आमच्या वॉर्डातली पाऱ्याची यंत्रं हळूहळू गेली आणि त्यांच्या जागी डिजिटल आली. पारा जायलाच हवा होता. पण त्याच्याबरोबर कानही गेला, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. बटण दाबलं की आकडा येतो. नाडी चाचपून वरचा आकडा अंदाजायचा, मग स्टेथो लावून हवा सावकाश सोडायची, पहिला ठोका, शेवटचा ठोका, हे पाठ सगळ्यांना होतं. विचारलं तर ती इंटर्नही घडाघडा सांगत होती. यातला आणखी वाईट भाग असा की बरीच साधी डिजिटल यंत्रं प्री-एक्लॅम्प्सियात रक्तदाब कमी दाखवतात. म्हणजे जिथे कान लागतो, नेमकं तिथेच आम्ही तो शिकवणं सोडलं होतं.

मेमो दिला गेला, पण इंटर्नशिप वाढवली नाही. त्याऐवजी पंधरा दिवस तिला त्याच केंद्रावर, त्याच मॅडमच्या हाताखाली ठेवलं. मला हा निर्णय अजून बरोबर वाटतो. त्यानंतर मी जी चूक केली ती पुढे सांगते.

'कोव्हिडची बॅच' हे सोपं उत्तर

करिक्युलम कमिटीच्या बैठकीत पहिल्या पाच मिनिटांत निदान तयार होतं: ही २०१९ ची बॅच, हिच्या पोस्टिंगच्या, म्हणजे वॉर्डात जाऊन शिकायच्या, दिवसांत वॉर्ड कोव्हिडने भरलेले, पोरं ऑनलाइन शिकली, पुढच्या बॅचपासून आपोआप ठीक होईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही ते पटलं असतं, कारण त्यात कुणाचीच चूक नव्हती.

पण ते तपासून बघता येण्यासारखं होतं. आम्ही छोटी ओस्की घेतली. ओस्की म्हणजे ठरावीक वेळेची एकेक 'स्टेशन्स' मांडून प्रत्येकाला तेच काम करायला लावायचं आणि समोर यादी धरून बघायचं. हार्डन यांनी डंडीमध्ये १९७५ मध्ये मांडलेली ही पद्धत आता जगभर रुळली आहे. तीन स्टेशनं ठेवली: डायलच्या यंत्राने बीपी, पोटावरून गर्भाशयाची उंची, आणि बाईशी बोलून धोक्याची लक्षणं विचारणं. इंटर्नही बसवले आणि त्यांच्या मागची २०२० ची बॅचही, जिचा वॉर्डातला बहुतेक काळ कोव्हिडनंतरचा होता.

दोन्ही बॅच सारख्याच अडखळल्या. निम्म्याहून जास्त जणांनी नाडी न चाचपताच कफ फुगवला. काहींनी स्टेथोचा डायफ्राम, म्हणजे अंगावर टेकवायची चकती, कफच्या आत कोंबला. कोव्हिडच्या नावावर खपवायची सोय गेली.

वॉर्डात खरं काय चालतं

मग मी स्त्रीरोग विभागाच्या प्रमुखांची परवानगी काढून दोन आठवडे सकाळी ९ ते १२ वॉर्डात आणि ओपीडीत एका कोपऱ्यात स्टूल टाकून बसले. परवानगी मिळायला तीन आठवडे लागले. "पीएसएमवाल्यांनी आता आम्हाला क्लिनिक शिकवायचं का?" हे मला थेट कुणी म्हणालं नाही, पण ते माझ्यापर्यंत पोहोचेल याची काळजी घेतली गेली.

जे दिसलं त्यात आळस फार कमी होता. नऊ वाजता सत्तावीस पोरं हजर. त्यांना ज्या युनिटने शिकवायचं त्याची आज ओपीडी, उद्या ओटी, परवा इमर्जन्सी. मोकळा शिक्षक मिळाला की एका खाटेभोवती क्लिनिक भरायचं. एक जण केस सांगतो, पुढचे पाचसहा ऐकतात, मागचे वीस जण मोबाईलवर पीजीच्या परीक्षेचे प्रश्न सोडवतात. त्यांना दोष कसा द्यायचा? मागून त्यांना काही दिसतच नव्हतं. आणि मधे खाटेवर नऊ महिन्यांची गरोदर बाई, पोट उघडं, भोवती सत्तावीस चेहरे. तिने पदर तोंडावर ओढून घेतला होता. त्या क्लिनिकचा विषय होता 'रुग्णाची प्रतिष्ठा कशी जपावी'. हे मी रचून सांगत नाहीये.

पोस्टिंगच्या शेवटच्या शनिवारी सह्यांची रांग लागली. असिस्टंट प्रोफेसर मॅडमनी पाऊण तासात सगळी लॉगबुकं उरकली, कारण बारा वाजता त्यांचं सिझेरियन होतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

पण खरा शोध वॉर्डात लागला नाही, भिंतीपलीकडे लागला. गरोदर बायांच्या ओपीडीत शिरताना दारातच एक टेबल. तिथे सिस्टर वजन आणि बीपी घेऊन कार्डावर लिहितात. तिथल्या सिस्टरने डिजिटल यंत्र बाजूला सारून स्वतःचं डायलचं आणलेलं, "ते मशीन काहीही दाखवतं" म्हणून. रोज सकाळी शंभरच्या आसपास बायांचं बीपी त्या टेबलावर घेतलं जायचं. तिथे नर्सिंगच्या मुली होत्या. एमबीबीएसचा एकही विद्यार्थी नव्हता, इतक्या वर्षांत कधीच नव्हता, कारण ते 'सिस्टरचं टेबल'. आमची पोरं दहा फुटांवर, आत, डॉक्टरांच्या खुर्चीमागे उभी राहून बसायला जागा शोधत होती.

समोर असलेले पर्याय

हजेरी कडक करणं हा सगळ्यांचा आवडता पर्याय होता, पण पोरं हजर होतीच.

स्किल लॅबवर मात्र खूप चर्चा झाली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या निकषांसाठी घेतलेले सरावाचे पुतळे आमच्याकडे होते, बरेचसे अजून प्लास्टिकमध्ये. किल्ली स्टोअरकीपरकडे आणि स्टोअरकीपर दोन विभागांत वाटलेला. दोन प्राध्यापकांचं ठाम मत होतं की आधी पुतळ्यावर हात बसू दे, मग बाईला हात लावू दे. प्रसूती, टाके, कॅथेटर यांसाठी हे शंभर टक्के बरोबर. पण बीपीसाठी पुतळा कशाला? पोरं एकमेकांचं घेऊ शकतात, आणि त्यांना नेमकं जे ऐकायचं होतं ते आमच्या पुतळ्याच्या हातात नव्हतं.

जादा शिक्षक मागणारं पत्र आम्ही दरवर्षीच पाठवतो. यंदाही पाठवलं.

उरले दोन पर्याय. एक, परीक्षा बदलणं: टर्मच्या शेवटी लाँग केससोबत (एक रुग्ण पूर्ण तपासून मांडायची नेहमीची परीक्षा) ओस्कीचं स्टेशन ठेवायचं, म्हणजे पोरं आपोआप शिकतील. दुसरा, जागा बदलणं: जिथे काम चाललंय तिथे पोरांना न्यायचं. माझा कल दुसऱ्याकडे होता, प्रमुख सरांचा पहिल्याकडे. त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. "परीक्षेत नसलेली गोष्ट आपल्याकडे कुणी शिकलंय का आजवर?" शेवटी दोन्ही घेतले. पण कौशल्य मात्र एकच, बीपी. गर्भाशयाची उंची आणि लेबर रूम पुढच्या टर्मवर ढकलली. तीन गोष्टी एकदम धरल्या असत्या तर एकही झाली नसती, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. लेबर रूमबद्दल मात्र मन खात राहतं.

काय केलं, आणि कुठे अडलो

सत्तावीसची बॅच चार-चारच्या गटांत फोडली, शेवटचा गट तिघांचा. एक गट आठवडाभर ओपीडीच्या टेबलावर, बाकीचे नेहमीच्या क्लिनिकला. आठवड्याच्या शेवटी तपासणी: दोन कानजोड्यांचा शिकवणीचा स्टेथो, एक सिस्टर किंवा रेसिडेंटच्या कानात, एक विद्यार्थ्याच्या. दोघांनी आकडा वेगवेगळ्या चिठ्ठीवर लिहायचा. तीन बायांमध्ये फरक ४ मिमीच्या आत आला तरच सही.

हे जमायला सिस्टर लागणार होत्या आणि आम्ही त्यांना विचारलंच नव्हतं. योजना बैठकीत मंजूर झाली, परिपत्रक निघालं, आणि मेट्रन मॅडमना ते नोटीस बोर्डावर वाचायला मिळालं. टेबलावरच्या सिस्टर मला एवढंच म्हणाल्या, "शिकवायचं आम्ही आणि सही डॉक्टरांची, होय ना?" मला उत्तर सुचलं नाही. पुढे लॉगबुकात सिस्टरच्या सहीचा रकाना घातला. शिक्षकाची सही नियमाप्रमाणे लागतेच, पण ती सिस्टरची सही असल्याशिवाय करायची नाही असं ठरलं. एका प्राध्यापकांना हे आवडलं नाही, आणि ते आजही बोलून दाखवतात.

पहिला आठवडा साफ फसला. विद्यार्थी एका बाईला पाच-सहा मिनिटं घेत होते. साडेदहापर्यंत रांग केसपेपरच्या खिडकीपर्यंत गेली. लांबून एसटीने आलेल्या बाया परतीची गाडी चुकेल म्हणून ओरडू लागल्या, आणि सिस्टरनी पोरांच्या हातून कफ काढून घेतला. त्यांनी ते केलं म्हणून ओपीडी वाचली.

तोडगा त्याच सिस्टरनी काढला. रक्त-लघवी देऊन झालं की रिपोर्टसाठी बाया तासभर बाकांवर बसून असतात. विद्यार्थ्यांनी टेबलावर नाही, बाकांपाशी जायचं. टेबलावरचा आकडा कार्डावर असतोच. तो न बघता आपला घ्यायचा, मग ताडून बघायचा. रांग अडत नाही, बाईचं बीपी दोनदा होतं, विद्यार्थ्याला लगेच कळतं आपण कुठे चुकलो. मी दोन आठवडे तिथे बसून होते आणि मला हे सुचलं नव्हतं.

एक अट मात्र पहिल्या दिवसापासून होती: आधी नाव सांगायचं, विद्यार्थी आहे हे सांगायचं, विचारायचं, मग हात लावायचा. एका बाईने स्पष्ट सांगितलं, "माझ्यावर नका शिकू, दुसरी बघा." मुलगा ओशाळून परत आला. शेजारची म्हणाली, "ये रे बाबा, माझं बघ." नैतिकता आणि संवादाचं जे मोड्यूल आम्ही लेक्चर हॉलमध्ये घेतो, त्यापेक्षा त्याला त्या बाकावर जास्त मिळालं असावं.

रेसिडेंटचं काम आम्ही फार गृहीत धरलं. ज्यांच्यावर तपासणी सोपवली ते जेआर वन, म्हणजे पहिल्या वर्षाचे रेसिडेंट, रात्रीची इमर्जन्सी करून आलेले. दोनदा आठवडाअखेरची तपासणी झालीच नाही. तेव्हा पोरांना पुढच्या आठवड्यात परत बोलावलं, सही पुढे ढकलली. 'आता करून टाका ना मॅडम' हा आग्रह त्या दोन वेळी आम्ही मोडला, एवढं श्रेय घेते.

काय झालं

टर्मअखेरच्या ओस्कीत बीपीचं स्टेशन बहुतेकांनी नीट पार केलं. गर्भाशयाच्या उंचीचं स्टेशन, ज्याला आम्ही हात लावला नव्हता, ते जवळपास पूर्वीसारखंच. ही तुलना फार स्वच्छ नाही: पहिली चाचणी इंटर्न आणि वरच्या बॅचची, ही धाकट्या बॅचची, आणि स्टेशनवर काय येणार हे त्यांना ठाऊक होतं. तरी एक स्टेशन सुधारलं आणि शेजारचं नाही, यावरून थोडं काही म्हणता येतं.

मला जास्त भरवसा वाटला तो शेवटच्या अंकावर. माणूस बीपी अंदाजाने लिहितो तेव्हा आकडे शून्यावर संपतात: ११०, १२०, ७०, ८०. डायलवर दोन-दोनच्या खुणा असतात, तेव्हा खरं मोजणाऱ्याच्या नोंदीत ११२, १२६, ७४, ८८ यायलाच हवेत. विद्यार्थ्यांच्या चिठ्ठ्यांवर ते येऊ लागले. जुन्या लॉगबुकांत मी शोधलं, तर शून्याशिवाय दुसरा अंक पानोपान सापडेना. कुठल्याही विभागाने आपल्या नोंदी अशा एका दुपारी बघून घ्याव्यात, खर्च काही नाही.

मधल्या काळात विभागप्रमुख सरांची बदली झाली. नव्या मॅडमनी पहिल्याच आठवड्यात गट बंद केले, कारण त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. फाइल माझ्या टेबलावर होती. दीड महिन्याने पुन्हा सुरू झालं. सर्जरी विभागात शेवटच्या शनिवारची सह्यांची रांग अजून तशीच आहे.

पुन्हा करायचं झालं तर

ज्या मेडिकल ऑफिसर मॅडमच्या फोनने हे सगळं सुरू झालं, त्यांना आम्ही एकाही बैठकीला बोलावलं नाही. आमची पोरं बाहेर पडल्यावर काय करतात हे माहीत असलेली ती एकमेव व्यक्ती. नंतर गप्पांत त्या म्हणाल्या की आधीच्या दोन बॅचच्या वेळीही त्यांना हेच दिसलं होतं, पण सांगायचं कुणाला? इंटर्न परत येताना आम्ही केंद्राकडून फक्त हजेरीपत्रक मागवत होतो. आता सोबत एक प्रश्न जातो: या मुलाला कोणतं काम एकट्याने करायला द्यायला तुम्ही कचराल? पहिली पाच उत्तरं आली त्यातली तीन लेबर रूमबद्दल आहेत.

मेट्रन मॅडमकडे परिपत्रकाआधी जायला हवं होतं. ते एका चहाचं काम होतं.

आणि ती चूक. कमिटीपुढे प्रकरण मांडताना मी नाव घेतलं नाही, पण केंद्राचं नाव आणि महिना सांगितला. त्या महिन्यात त्या केंद्रावर दोनच इंटर्न होते, त्यातला एक मुलगा. संध्याकाळपर्यंत हॉस्टेलला कळलं. ती चार दिवस मेसमध्ये जेवायला गेली नाही. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या मॅडम." खरं सांगणाऱ्याला आपण कसं वागवतो हे पुढच्या बॅचनेही पाहिलंच असणार, आणि पुढच्या वेळी कुणी 'मला आवाज ऐकू येत नव्हते' असं सांगेल का, याची मला खात्री नाही.

पुढच्या महिन्यात लेबर रूमची बैठक आहे. या वेळी तिथल्या सिस्टर इनचार्जना आधी विचारलं, काय बदलायला हवं? त्या म्हणाल्या, "आधी दाराबाहेर चपला मोजा मॅडम. आत एक बाई आणि बाहेर तीस जोड. त्यातले चारच जोड राहतील असं करा, मग शिकवायचं मी बघते."